चार काठांच्या धोबिणी

हिवाळा लागला की नाईक तलावाजवळच्या कोष्ट्यांच्या वस्तीत सकाळ भाताच्या वासाने उजाडायची. हा भात जेवायचा नव्हे. घमेल्यात तांदळाची पातळ खळ रटरटत असे, आणि ऊन जरा वर आले की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा बांधून घरची सगळी माणसे कुंच्याने त्याला खळ पाजत. सुताला बळ यावे, मागावर ते तुटू नये, म्हणून ही पाजणी. खळ जमिनीवर सांडायची, तिच्यावर चिलटे आणि माश्या जमायच्या, आणि माश्यांच्या मागोमाग यायच्या धोबिणी.

काय त्यांची ती एन्ट्री! भुर्रकन यायचे, दोन पावले तुरुतुरु धावायचे, थबकायचे, आणि घाटावर कपडा आपटावा तशी शेपटी वरखाली आपटायची. चिमणीपेक्षा लांब, अंगाने सडपातळ, रंगाने काळी-पांढरी-करडी अशी ही पाखरे दिवाळीच्या सुमाराला कुठून तरी यायची आणि होळी झाली की निघून जायची. वस्तीतल्या कोणाला त्यांचे अप्रूप नव्हते. धोबीण म्हणजे धोबीण. तिच्याकडे मान वळवायला फुरसत कोणाला होती?

फुरसत जागेश्वर निमजेलाही नव्हती. पण त्याची जागाच तशी होती.

त्याचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसणार, पाय खाली खड्ड्यात माग चालवायच्या पावड्यांवर, आणि समोर ताणलेले सूत. उजेडासाठी त्याने माग मागच्या दारासमोर मांडला होता. दाराबाहेर परस, परसात लिंबाचे झाड, आणि झाडाखाली खळीचे घमेले धुवून पालथे घालायची जागा. जागेश्वर बसला की त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन हात वर असत. इतर माणसे उभ्याने जाता-येता धोबिणीची नुसती पाठ पाहायची. जागेश्वर तिच्या तोंडासमोर तोंड करून बसलेला असायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि असे बारा हिवाळे.

आणि त्यात तो करवती काठ विणणारा. या काठात रेशमाचे दात करवतीसारखे सुताच्या अंगात शिरतात. तीन धोटे एकाच वेळी चालवायचे, डाव्या काठाचा, उजव्या काठाचा आणि मधला. एक दात मोठा झाला की लुगडे वाया. अशा माणसाला काळे कुठे संपते आणि पांढरे कुठे लागते हे पाहायला शिकवावे लागत नाही.

त्याला दिसले ते असे. सगळ्या धोबिणी एक नव्हत्या. काहींचे तोंड आणि गळा पांढरा, फक्त छातीवर काळी चंद्रकोर. काहींचे अख्खे डोके काळे आणि डोळ्यांभोवती तेवढा पांढरा तुकडा, सोंगाचा मुखवटा बांधावा तसा. काहींचा गळा हनुवटीपर्यंत काळाभोर, पण गाल पांढरे. अशा माघात दिसायला लागायच्या. आणि एक, वर्षाकाठी एखाद-दोनदाच दर्शन देणारी, जिची पाठ करडी नव्हती तर कोळशासारखी काळी होती.

"चार घराणी हायेत," तो बायकोला म्हणायचा. "पाखरू एकच, पण काठ चार."

सखूबाई दारातल्या चरख्यावर कांड्या भरत बसायची. धोट्यात घालायची सुताची बारकी नळी म्हणजे कांडी. दिवसाला शंभर-सव्वाशे लागायच्या. ती मान वर न करता म्हणायची, "असतील. पोटाले तं चौघींच्याही माश्याच लागतात न?"

पण लुगडे उतरले की ताण्याचे वीतभर टोक शिल्लक राहते, त्यावर जागेश्वर आपला शौक पुरा करायचा. काळे, पांढरे आणि राखी सूत घेऊन त्याने चार धोबिणींचे चार काठ विणले होते. बोटभर रुंदीची एक पट्टी, तीत चार नमुने. पत्र्याच्या पेटीत ती घडी घालून ठेवलेली असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने बारा वर्षे नजरेत साठवलेले सगळे त्या पट्टीत होते, आणि ते पाहिलेले माणूस एकटी सखूबाई.

१९५४च्या जानेवारीत ही गोष्ट वस्तीत पसरली. निमित्त झाले एका दाताचे.

विणकरांच्या सोसायटीच्या कचेरीचे बिऱ्हाड महाल भागात होते. तिथे चेअरमन बाबनराव तयार लुगडी उजेडात धरून तपासत. पूर्वीचे स्वतः उत्तम विणकर. पंधरा वर्षांपूर्वी माग सोडून ते सोसायटीच्या कामाला लागले होते. माणूस सरळ, पण नजर कडक. जागेश्वरचे लुगडे उलगडताना त्यांचा अंगठा काठावर थांबला.

"जागेश्वर, हा दात कुठं गेला गा?"

जागेश्वरने पाहिले. करवतीचा एक दात पडलाच नव्हता. सपाट काठ, तोंडातून दात पडावा तशी खिंड. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असे झाले नव्हते.

"चुकलं," तो म्हणाला.

"थे मलेही दिसते. काहून चुकलं?"

दुसरा कोणी असता तर सूत तुटले म्हणाला असता. जागेश्वर म्हणाला, "काळ्या पाठीची आली होती. पाहून राहिलो होतो."

"कोण काळ्या पाठीची?"

मग सगळेच सांगावे लागले. परस, घमेले, चार घराणी. कचेरीत सूत घ्यायला आलेली पाच-सात माणसे होती. त्यांत गल्लीतलाच शालिकराम होता. हाताचा चांगला, जिभेचा त्याहून चांगला.

"अरे बाप रे!" तो म्हणाला. "एका धोबिणीच्या चार दिसून राहिल्या याले! बाबनराव, मोतीबिंदू हाये हा. माह्या मामाले असंच झालं होतं. त्याले तं मामीसुद्धा दोन दिसत होत्या. बिचारा दोघींच्याही शिव्या खाये."

कचेरी हसली. बाबनराव हसले नाहीत. त्यांच्यापुढे खरा प्रश्न होता. महाशिवरात्रीनंतर बारीक सुताचे गठ्ठे येणार होते, आणि ते ज्यांची नजर पक्की त्यांनाच द्यायचे होते. बाकीच्यांना पंचे आणि सतरंज्यांचे जाडे सूत. जागेश्वरची बावन्न वर्षे झाली होती.

"हे पाह, जागेश्वर," ते हळूच म्हणाले, "वय झालं की डोळे जातात. लाज नाही त्यात. पंचे विण. पंच्याले दात नसतात."

जागेश्वरचा चेहरा उतरला. करवती काठ विणायचा नाही म्हणजे काय? बापाने सातव्या वर्षी त्याच्या हातात तो धोटा दिला होता. पंचा विणणाऱ्याला गल्लीत कोणी नावाने ओळखत नसे, आणि जागेश्वरला उमरेडपर्यंत काठावरून ओळखत.

"माहे डोळे गेले नाहीत," तो म्हणाला. "तुमी परसात या. चार घराणी दाखवतो. नाही दाखवली, तं मी आपल्या हातानं जाडं सूत उचलीन."

"बोलला पाहा!" शालिकराम म्हणाला. "मी येतो साक्षीले."

बाबनरावांनी पंचांगात पाहिले. "शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येतो. सकाळी."

घरी आल्यावर सखूबाईने विचारले, "असं काहून बोलले तुमी? पाखरं काय तुमच्या हुकमानं येतात?"

"माघात चारही असतात. काळ्या पाठीचीचं तेवढं नशिबावर."

"नशिबावर म्हणे! माग हाये का सट्टा?"

तरी दुसऱ्या दिवसापासून तीच घमेले धुताना चार शिते जास्त ठेवू लागली.

मग एका सकाळी पाजणी चालली असताना ते झाले. काठाचे लाल रेशीम ताण्याच्या कडेला लोंबत होते आणि एक धोबीण ताण्याखालून माशीमागे धावताना त्याच्या फेऱ्यात सापडली. पंख फडफडले, सूत थरथरले, बायका ओरडल्या. जागेश्वरने कुंचा टाकला आणि तिला अलगद मुठीत घेतले. बारा वर्षे जिला समोरून पाहिले ती पहिल्यांदा हातात आली होती. मुठीत नुसते काळीज धडधडत होते, वजन असे नव्हतेच. पांढरे तोंड, पांढरा गळा, छातीवर चंद्रकोर. त्याने कात्रीने रेशीम कापले, पण डाव्या पायाच्या मागच्या बोटाला एक वेढा घट्ट बसला होता. तो कापायला गेले तर बोटच जाणार. त्याने तो तसाच राहू दिला आणि मूठ उघडली.

ती गेली, आणि तासाभराने पुन्हा घमेल्याजवळ हजर! पायात लाल रेशमाचे जोडवे घालून.

जागेश्वरला मोठी मौज वाटली. रोज तो आधी तिला शोधायचा. वीस-पंचवीस दिवस गेले. एका सकाळी त्याला तिच्या गळ्यावर काळे ठिपके दिसले. त्याला वाटले, बाया राखेने भांडी घासतात, तिथली काजळी लागली असेल. दोन दिवसांनी ठिपके वाढले. चार दिवसांनी चंद्रकोरीची टोके वर चढली. धुतलेल्या कापडावर रंग पसरावा तसे ते काळे पिसापिसाने हनुवटीकडे सरकत होते.

जागेश्वरचा धोटा थांबला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्याच्यासमोर काळ्याभोर गळ्याची, पांढऱ्या गालांची धोबीण उभी होती. त्याच्या पट्टीतला तिसरा काठ, हुबेहूब. आणि तिच्या डाव्या पायाच्या मागच्या बोटात लाल जोडवे होते.

आता सगळे उलगडले. माघात काळ्या गळ्याच्या नव्या धोबिणी येत नव्हत्या. चंद्रकोरीवाल्याच उन्हाळ्याआधी नवा शालू नेसत होत्या. पहिल्या अंकात जी होती तीच दुसऱ्या अंकात वेश पालटून आली होती, आणि बारा वर्षे त्याने तिला दुसरे पात्र समजून टाळी दिली होती. त्याचे चुकले ते त्याच्या धंद्यामुळेच. मागावरून उतरलेला काठ जन्मात बदलत नाही. पाखराचा काठ अंगावरच विणला जातो आणि अंगावरच बदलतो, हे कोष्ट्याला सुचावे कसे?

त्याने पेटीतून पट्टी काढली आणि सखूबाईपुढे ठेवली.

"चार नाहीत वं. तीनच हायेत."

त्याने सगळे सांगितले. सखूबाईने चरखा थांबवला. तिने ते नीट ऐकून घेतले, आणि मग दारात कोणी नाही ना ते पाहून म्हणाली, "हे आणखी कोणाले समजते?"

"कोणाले नाही."

"मग तोंड उघडू नका. पांढऱ्या गळ्याच्या अजून हायेत न दोन-चार? काळ्या गळ्याच्याही हायेत. त्या दोन दाखवा, मुखवटेवाली दाखवा. काळ्या पाठीची आली तं चार झाल्या. बाबनरावले काय माहीत, कोण कोणाची कोण?"

"पण थे गलत हाये."

"अन् पंचे बरोबर हायेत? पंचे विणसान? तुमी?" तिने पट्टी त्याच्याकडे सरकवली. "मी पंचेवाल्याच्या घरात नाही आली. करवतवाल्याच्या घरात आली."

जागेश्वरने पट्टी घडी करून खिशात घातली.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी बाबनराव आले. धोतर, काळी टोपी, चष्मा. मागून शालिकराम, वाटेतूनच बडबडत. दोघे परसाच्या दारात उभे राहिले.

"कुठं हायेत घराणी?" शालिकराम म्हणाला. "मले तं धोबिणी दिसून राहिल्या."

"उभ्यानं नाही दिसत," जागेश्वर म्हणाला. "बाबनराव, तुमी मागावर बसा."

"मी?"

"माही जागा हाये थे. तिथूनच दिसते."

बाबनरावांनी क्षणभर विचार केला. मग टोपी काढून ठेवली, धोतर सावरले आणि पाय खड्ड्यात सोडले. पंधरा वर्षांनी त्यांच्या तळव्यांना पावडी लागली. पाय आपोआप एकदा दाबला गेला; सुताचा एक थर वर उचलला, एक खाली गेला. त्यांचा हात मागाच्या फणीच्या लाकडावरून एकदा फिरला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग त्यांनी समोर पाहिले.

सखूबाईने घमेल्याजवळ शिते टाकली होती. धोबिणी धावत होत्या, थबकत होत्या. जागेश्वर मागे उकिडवा बसून हळू आवाजात सांगू लागला. "ती पाहा, छातीवर चंद्रकोर. तिच्या डावीकडं, अख्खं डोकं काळं, मुखवटा बांधलेली. दिसली?"

"दिसली!" बाबनराव लहान पोरासारखे म्हणाले. "अरे, हे तं साफ वेगळं हाये."

"ती लिंबाखाली, काळ्या गळ्याची."

"हो. हो. तीन झाल्या."

अर्धा तास गेला. शालिकरामने दोनदा जांभई दिली. सखूबाई चौकटीला धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते, बहुधा ती रामटेकच्या रामाला काही बोलत असावी. आणि मग तलावाकडून एक पाखरू आले, भिंतीवर टेकले, आणि खाली उतरून पाठमोरे उभे राहिले. कोळशासारखी काळी पाठ.

"चार!" बाबनरावांनी मांडीवर थाप मारली. "शालिकराम, मोज गा! चार हायेत. माणसाचे डोळे हायेत का दुर्बीण! बारीक सूत तुह्यं, जागेश्वर."

सखूबाईने डोळे मिटले. शालिकरामसुद्धा बोटांवर मोजू लागला.

आणि जागेश्वर म्हणाला, "नाही, बाबनराव. तीनच हायेत."

सखूबाईने कपाळावर हात मारला.

"चंद्रकोरवाली अन् काळ्या गळ्याची एकच," जागेश्वर म्हणाला. "थंडीत पांढरा गळा, माघात काळा होते. मी चार म्हटलं होतं, थे चुकलं. मले परवापर्यंत माहीत नव्हतं. हारलो मी."

शालिकराम टाळी देऊन हसला. "पाहा! आपल्याच तोंडानं! जिंकलेली कुस्ती सोडून चीत झाला बावा. बाबनराव, द्या याले जाडं सूत."

बाबनराव मागावरून उठले नाहीत. "एकच हाये हे तुले कसं समजलं?"

"ती काळ्या गळ्याची पाहा. डाव्या पायाचं मागचं बोट. लाल रेशीम हाये. मीच कापलं होतं. तेव्हा गळा पांढरा होता."

बाबनरावांनी पाहिले. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा पाहिले. "मले तं पायच दिसून नाही राहिला, बोट कुठचं?"

"मलेही नाही दिसत," शालिकराम म्हणाला. "बनवून राहिला हा."

जागेश्वरने एक शीत उचलून दाराच्या उंबऱ्याशी टाकले. ती धावत आली, थबकली, शेपटी आपटली, आणखी दोन पावले. बाबनराव सुतावर वाकले. हातभर अंतरावर तिने शीत टिपले, आणि उन्हात तो लाल वेढा मुंगीएवढा चमकला.

"हाये," बाबनराव पुटपुटले. "खरंच हाये."

ती उडून गेली. मग बाबनराव खड्ड्यातून पाय काढत म्हणाले, "वीस हातांवरून दिसलं हे तुले?"

"रोजच दिसते."

"मग मोतीबिंदू मले हाये, तुले नाही." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि त्यांचा आवाज एकाएकी कचेरीतला झाला. "पण आता गुन्हा मोठा झाला, जागेश्वर. डोळे गेले म्हणून दात चुकला असता तं माफ होता. चांगले डोळे असून चुकला, म्हणजे डोळे दुसरीकडं होते. बारीक सूत घेऊन जा उद्या. पण एक अट. धोटा चालू तोवर हे परस दिसलं नाही पाह्यजे. दार बंद कर."

"दार बंद केलं तं उजेड कुठचा?"

"मग खालचं अर्धं झाक. उजेड वरून येते, पाखरं खालून."

शालिकराम जाताना घमेल्याजवळ घुटमळला. कोणी पाहत नाही असे वाटून तो उकिडवा बसला आणि मान वाकडी करून धोबिणींकडे पाहू लागला. मग गुडघे झटकून गेला.

सखूबाईने दुसऱ्याच दिवशी बारदान धुऊन दाराच्या खालच्या अर्ध्यात ताणून बांधले. पडदा पडला तो पडलाच. वर आभाळाचा चौकोन आणि लिंबाचा शेंडा, एवढेच जागेश्वरसाठी उरले. त्याने तक्रार केली नाही. सुताकडे पाहून विणू लागला. दात एकसारखे पडत होते, एकही लहान नाही की मोठा नाही. तीस वर्षे ओळख असलेल्या माणसांनीही म्हणावे की याने असे कधी विणले नव्हते, असे ते लुगडे होते.

सखूबाई मात्र आता चरखा घेऊन पडद्याच्या बाहेर, परसात बसायची. चार दिवस ती नुसतीच बसली. आतून धोट्याची खटखट, बाहेर चरख्याची घरघर. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "जोडवेवाली आली."

आतली खटखट जराही चुकली नाही. "हं," एवढाच आवाज आला.

"मुखवटेवाल्या दोन. भांडून राहिल्या."

"हं."

मग रोजचे झाले. ती सांगायची, तो हुंकार द्यायचा. कोण आली, कोण नाही आली, कोणाचा गळा किती भरला. एके सकाळी मात्र चरखा थांबला.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ही तं नवीनच हाये. अशी कधी नव्हती पाहिली."

आत एक दात अर्ध्यावर होता. लाल रेशमाचा धोटा जागेश्वरच्या बोटांत होता. अजून तीन फेरे. त्याने मान उचलली नाही, पण फेरा टाकता टाकता त्याच्या तोंडून निघून गेले, "कशी हाये? सांग वं, लवकर सांग."

"पिवळी हाये. पोटाले, गळ्याले, सारी पिवळी."

एक फेरा.

"अन् डोकं?"

"थांबा न, पाठमोरी हाये..." सखूबाई जमिनीला हात टेकून, गाल मातीला लागेल इतकी खाली वाकली. "डोकं राखी. अन् डोळ्यावरून पांढरी रेघ."

दुसरा फेरा.

"रेघ कुठंवर? चोचीपासून, का डोळ्यापासून?"

"चोचीपासून निघाली, अन् डोळ्याच्या मागं जाऊन बारीक होऊन संपली. सुताच्या टोकासारखी."

तिसरा फेरा. दात पुरा झाला. जागेश्वरने धोटा खाली ठेवला, हात लांब करून बारदानाची कड उचलली.

घमेल्याजवळ कोणी नव्हते. सखूबाई मातीत हात टेकून तशीच वाकलेली होती, गालाला धूळ लागलेली, आणि तलावाच्या दिशेला पाहत होती.

"गेली," ती म्हणाली. "पण मी नीट पाहिली. तुमी पिवळं सूत घेऊन या. काठ मी सांगते."